भाग बंद झाले, अँप्लिफायर नाही

१२एएक्स७ हा व्हॉल्व्ह १९४०च्या दशकातला. तो आजही स्लोव्हाकियात, रशियात आणि चीनमध्ये नव्याने बनतो. त्यामुळे १९५०च्या दशकातला गिटार अँप्लिफायर दुरुस्तीला आला, तर व्हॉल्व्ह कुठून आणायचा ही चिंता कारागिराला फारशी नसते. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी बनलेला ट्रान्झिस्टरचा बेस अँप्लिफायर टेबलावर आला, की मात्र पहिला प्रश्न पडतो तो हाच: यातला हा ट्रान्झिस्टर आता कोण बनवतं? पुष्कळदा उत्तर असतं, कोणीच नाही. नव्या तंत्राचा आणि कमी देखभालीचा म्हणून जो माल विकला गेला, तोच सुट्या भागांच्या बाबतीत आधी पोरका झाला. व्हॉल्व्हचे प्रचलित प्रकार मोजके होते, सगळ्या कंपन्या तेच वापरत आणि वादकांच्या मागणीने ते जिवंत राहिले. ट्रान्झिस्टरचे हजारो नंबर निघाले. कोणता नंबर चालू ठेवायचा हे कारखान्यांच्या हिशेबावर ठरलं, आणि त्या हिशेबात संगीतकारांना जागाच नव्हती.

अशा अँप्लिफायरचं काय करावं याबद्दल दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये बरेच मतभेद आहेत. काहींना मूळ नंबरचाच भाग हवा असतो. काही जण आजचा जवळचा भाग बसवतात, तर काही आतलं सगळं काढून नवं मॉड्यूल टाकतात. माझं मत या आढाव्यात पुढे येईलच, पण आधी ही यंत्रं काय होती ते पाहायला हवं.

बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. इतका खालचा सूर मोठ्या सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा तर भरपूर ताकद लागते. व्हॉल्व्हने ती देता येते, पण वजन वाढतं. १९६९ च्या अँपेग एसव्हीटी या ३०० वॉटच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरच्या नुसत्या हेडचं, म्हणजे स्पीकर सोडून उरलेल्या खोक्याचं, वजन सुमारे ४० किलो होतं. ट्रान्झिस्टरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही, काच फुटण्याची भीती नसते, आणि सुरू केल्याक्षणी तो वाजायला लागतो. म्हणून १९६०च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेतल्या कंपन्या त्याकडे वळल्या. सुरुवात सुखाची नव्हती. फेंडर कंपनी सीबीएसच्या मालकीची झाल्यावर १९६६ मध्ये तिने ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरची मालिका काढली आणि ते इतके बिघडत की काही वर्षांत ती गुंडाळावी लागली. कॅन्ससमधल्या चॅन्यूट गावच्या कस्टम कंपनीने चकचकीत गादीदार व्हिनाइलचे खोके काढले. ते दिसायला झगमगीत होते आणि बऱ्यापैकी टिकलेही.

या सगळ्यांत माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं यंत्र लॉस एंजेलिसच्या अकूस्टिक कंट्रोल कॉर्पोरेशनचं, मॉडेल ३६०. ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलं. त्याचे दोन भाग होते. वर ३६० हा प्रीअँप. त्यात आवाज मुद्दाम खरखरीत करणारं फझ सर्किट आणि वाद्य जुळवण्यासाठी सूर देणारा इलेक्ट्रॉनिक ट्यूनिंग फोर्कही होता. खाली ३६१ हा खोका. त्याच्या पोटातच २०० वॉटचा पॉवर अँप्लिफायर आणि मागे तोंड करून बसवलेला १८ इंची स्पीकर. आवाज घड्या घातलेल्या भोंग्यातून वळसा घेऊन पुढे येई. त्यामुळे तो लांबवर स्पष्ट पोचायचा, पण खोक्याला खेटून उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचाच सूर त्या मानाने कमी ऐकू यायचा. लेड झेपेलिनचा जॉन पॉल जोन्स आणि फंक संगीतातला बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी हे यंत्र वापरलं. वेदर रिपोर्टमधल्या जॅको पास्टोरियसने तर ते आपल्या आवाजाचा भागच करून टाकलं. पडदे काढलेल्या त्याच्या बेसचा गुणगुणणारा, मधल्या पट्टीत पुढे येणारा सूर आपण ध्वनिमुद्रणांत ऐकतो. मैफलींत तो सूर या खोक्यांतून बाहेर पडत होता. कंपनी १९८०च्या दशकात मिटली. खोके राहिले आणि ते अजून वाजवले जातात. ही यंत्रं वाचवायला हवीत असं मी म्हणतो, त्यामागे एवढं कारण पुरेसं आहे.

आता दुरुस्तीचा गाभा, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर. २०० वॉट ४ ओहमच्या स्पीकरला द्यायचे तर टोकाचा व्होल्टेज ४० आणि टोकाचा प्रवाह १० अँपिअर होतो. वरखाली होणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा भार उचलायला एक एनपीएन ट्रान्झिस्टर आणि उलट दिशेने प्रवाह नेणारा त्याचा जुळा पीएनपी असा जोड असता तर सोपं झालं असतं. पण त्या काळात सिलिकॉनचा दणकट पीएनपी पॉवर ट्रान्झिस्टर दुर्मीळ आणि महाग होता. म्हणून हुंग चांग लिन या अभियंत्याने १९५०च्या दशकात मांडलेली युक्ती सर्रास वापरली गेली. दोन्ही बाजूंना एनपीएनच लावायचे आणि खालच्या बाजूचं काम उलटं करण्यासाठी एक लहान पीएनपी ड्रायव्हर द्यायचा. याला क्वासी-कॉम्प्लिमेंटरी रचना म्हणतात. १९६०-७०च्या दशकांतल्या बेस अँप्लिफायरमध्ये हीच रचना वारंवार भेटते.

त्यात बसणारा त्या काळचा राजा म्हणजे आरसीएचा २एन३०५५. टीओ-३ हा दोन भोकांचा धातूचा डबा, ६० व्होल्ट, १५ अँपिअर, ११५ वॉट. भारतात इन्व्हर्टर आणि लाउडस्पीकरच्या अँप्लिफायरमधून हा नंबर घरोघरी पोचला, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना तो तोंडपाठ आहे. त्याचे थोरले भाऊ, उदाहरणार्थ १४० व्होल्टचा २एन३७७३, मोठ्या अँप्लिफायरमध्ये असत.

गोम अशी की २एन३०५५ आजही बाजारात आहे, पण तो पूर्वीचा नाही. आरसीएचा मूळ भाग हॉमिटॅक्सिअल नावाच्या पद्धतीने बनत असे. त्याचा बेसचा थर जाड आणि एकसारखा असे. असा ट्रान्झिस्टर अतिशय संथ. त्याची उपयोगी वेगमर्यादा जेमतेम एक मेगाहर्ट्झच्या आसपास. पण तो मार खाऊ शकत असे. जास्त व्होल्टेजला जास्त प्रवाह वाहिला की सिलिकॉनच्या चकतीवर एखाद्या ठिकाणी उष्णता गोळा होते आणि ट्रान्झिस्टर तिथेच भाजून शॉर्ट होतो. याला सेकंड ब्रेकडाउन म्हणतात. हॉमिटॅक्सिअल भाग त्याला सहजी बळी पडत नसत. १९७०च्या दशकात कारखाने स्वस्त पडणाऱ्या एपिटॅक्सिअल पद्धतीकडे वळले. नंबर तोच राहिला, वेग दुपटी-तिपटीने वाढला आणि सहनशक्ती बदलली.

याचा दुरुस्तीवर थेट परिणाम होतो. अँप्लिफायर स्थिर राहतो तो फीडबॅकवर. आउटपुटला गेलेल्या सिग्नलचा थोडा अंश मागे आणून मूळ सिग्नलशी ताडायचा आणि चूक दुरुस्त करायची, ही ती व्यवस्था. दुरुस्ती वेळेवर पोचली तरच ती दुरुस्ती. झोपाळा थांबवायला पुढे केलेला हात उशिरा पडला तर तो थांबवण्याऐवजी धक्काच देतो. तसंच इथे होतं आणि सर्किट ऐकू न येणाऱ्या वेगाने, शेकडो किलोहर्ट्झवर, स्वतःच डोलू लागतं. मूळ अभियंत्याने संथ ट्रान्झिस्टर गृहीत धरूनच त्याभोवतीचे कंडेन्सर निवडलेले असतात. तिथे वेगवान भाग बसवला की गणित मोडतं. लक्षणं फसवी असतात: आवाज येतो, पण मोठ्या सुरांवर किनार फाटते आणि काहीही न वाजवता हीटसिंक तापत राहतो. ऑसिलोस्कोपशिवाय हे दिसत नाही, आणि मल्टिमीटरवर सगळं ठीक असल्याची खात्री पटलेला माणूस अँप्लिफायर गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. काही दिवसांत नवे ट्रान्झिस्टर उडतात, आणि ‘जुन्याची सर नव्याला नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. खरं तर नव्या भागाचा तिथे काही दोष नसतो. त्याला बदललेलं सर्किट द्यायचं राहून गेलेलं असतं.

इलाज अवघड नाही. व्होल्टेज वाढवणाऱ्या टप्प्यावरच्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमधला छोटा कंडेन्सर थोडा मोठा करायचा, आउटपुट ट्रान्झिस्टरच्या बेसला काही ओहमचा रेझिस्टन्स द्यायचा, आणि आउटपुटवर १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरड यांची जोडी आहे की नाही, असल्यास ती धड आहे की जळली आहे, हे पाहायचं. प्रत्येक बदलानंतर स्कोपवर तपासायचं.

२एन३०५५ आणि २एन३७७३ च्या जागी माझी पहिली पसंती एमजे१५००३ ला. १४० व्होल्ट, २० अँपिअर, २५० वॉट. ५० व्होल्टला ५ अँपिअर सोसण्याची त्याची क्षमता जुन्या भागांपेक्षा बरीच जास्त, आणि वेग मात्र २ मेगाहर्ट्झच्या घरातला, म्हणजे फार उतावळा नाही. क्वासी-कॉम्प्लिमेंटरी रचनेत दोन्ही बाजूंना तोच लागतो, जुळा पीएनपी शोधावा लागत नाही. एमजे२११९४ आणखी दणकट, पण त्याची किमान वेगमर्यादा ४ मेगाहर्ट्झ, म्हणून तो लावताना स्थिरता अधिक काळजीने तपासावी लागते.

ड्रायव्हरच्या जागी चूक होण्याची शक्यता आउटपुटपेक्षाही जास्त असते. जुन्या सर्किटमध्ये २एन३०५४ सारखे टीओ-६६ डब्यातले ट्रान्झिस्टर दिसतात. हा लहान डबा आता जवळजवळ नामशेष आहे. चांगला आधुनिक ड्रायव्हर म्हणून एमजेई१५०३० चं नाव लगेच सुचवलं जातं. भाग उत्तम, पण त्याचा वेग ३० मेगाहर्ट्झ आणि मूळचा एकच्या आतबाहेर. त्यापेक्षा ३ मेगाहर्ट्झचा साधा, स्वस्त टीआयपी४१सी अशा ठिकाणी अधिक शोभतो, अर्थात सर्किटचा व्होल्टेज त्याच्या १०० व्होल्टच्या मर्यादेच्या पुरेसा आत असेल तर. ‘अधिक चांगला’ भाग इथे गैरसोयीचा ठरतो, ही गोष्ट तरुण तंत्रज्ञांना पटवून द्यावी लागते.

ट्रान्झिस्टर बदलल्यावर बायस पुन्हा लावायलाच हवा. काहीही वाजत नसताना आउटपुटमधून वाहणारा प्रवाह एमिटरच्या रेझिस्टन्सवर मोजतात. ०.३३ ओहमवर ८ मिलिव्होल्ट दिसले तर प्रवाह २५ मिलिअँपिअरच्या आसपास. हीटसिंकवर चिकटवलेला बायसचा डायोड सुटलेला असेल तर हे सगळं व्यर्थ आहे, कारण उष्णता वाढल्याचं त्याला कळणारच नाही.

नंबरांचा घोळ वेगळाच. बऱ्याच अमेरिकी कंपन्या ट्रान्झिस्टरवर स्वतःचा नंबर छापून घेत. मिसिसिपीतल्या पीव्हीच्या अँप्लिफायरमध्ये हे हमखास दिसतं. आरसीए ४०,००० च्या मालिकेतले नंबर देत असे. आत बहुधा नेहमीचाच भाग असे, कधी निवडून वेगळा काढलेला. मूळ बनवणाऱ्यांना विचारायचं तर आरसीए १९८६ मध्ये जनरल इलेक्ट्रिककडे गेली, तिचा सेमीकंडक्टर विभाग पुढे हॅरिसकडे गेला. मोटोरोलाचा सुट्या सेमीकंडक्टर भागांचा व्यवसाय १९९९ मध्ये ऑन सेमीकंडक्टर म्हणून वेगळा झाला. या वाटचालीत जुनी माहितीपत्रकं बरीच विखुरली. एनटीई किंवा ईसीजीच्या पर्यायी नंबरांच्या पुस्तकांचा आधार घेता येतो, पण ती पुस्तकं मुख्यतः व्होल्टेज, प्रवाह आणि डबा जुळवतात. वेग आणि सहनशक्ती आपणच पडताळायची असते.

बाकी ज्या भागांची लोकांना भीती वाटते ते सहज मिळतात. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकतात, पण आजचे १०५ अंशांचे कंडेन्सर जुन्यापेक्षा लहान आणि चांगले आहेत. ४५५८ सारखे ऑप-अँप आजही मिळतात. कार्बन कंपोझिशन रेझिस्टन्सची ओहममधली किंमत वर सरकलेली असते, ते मोजून बदलावेत. पॉवर सप्लायचे मोठे फिल्टर कंडेन्सर मात्र सरसकट फेकू नयेत. वर्षानुवर्षं बंद असलेल्या यंत्रात त्यांना रेझिस्टन्समधून हळूहळू व्होल्टेज चढवत नेलं तर काही पुन्हा उभे राहतात. गळती कमी होत नसेल तर ते निरोप घेण्याच्याच लायकीचे. ३६१ सारख्या खोक्यात अँप्लिफायर स्पीकरच्या शेजारी हादरे खात असल्याने या जड डब्यांचे डाख आणि जोडण्याही भिंगाखाली पाहाव्यात.

खरे अडचणीचे भाग वेगळे आहेत. पहिला, सान्योची एसटीके मालिका. अख्खा पॉवर अँप्लिफायर एका चपट्या वडीत. सान्योचा सेमीकंडक्टर विभाग २०११ मध्ये ऑन सेमीकंडक्टरकडे गेला. आज त्या नंबरांखाली मिळणाऱ्या मालात नकली इतका आहे की शक्य असेल तिथे त्याच मापात सुट्या ट्रान्झिस्टरचं सर्किट बांधून बसवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. दुसरा, हिताचीचे २एसके१३४ आणि २एसजे४९ हे लॅटरल मॉसफेट, जे अनेक ब्रिटिश अँप्लिफायरमध्ये आहेत. एक्झिकॉनच्या नावाने त्यांचे समकक्ष मिळतात. त्यांच्या जागी साधा आयआरएफ मालिकेचा मॉसफेट चालत नाही. हिताचीच्या टीओ-३ मध्ये डबा सोर्सला जोडलेला असतो, दुसऱ्यात ड्रेनला, शिवाय तापल्यावर दोघांचं वागणं उलट. तिसरा, लिमिटरमधला व्हॅक्ट्रोल, म्हणजे दिवा आणि प्रकाशाला प्रतिसाद देणारा रेझिस्टन्स एकाच काळ्या नळीत. त्यात कॅडमियम असल्याने युरोपच्या नियमांत तो अडकला. एलईडी आणि एलडीआर काळ्या नळीत बंद करून तो हाताने बनवता येतो, फक्त आवाज किती लवकर दबतो आणि किती वेळाने सुटतो ते कानाने जुळवावं लागतं. चौथे, फझमधले आणि काही प्रीअँपमधले जेएफईटी. जे२०१ पायवाल्या रूपात नाहीसा होत चालला आहे, पण पृष्ठभागावर डाखायच्या चिमुकल्या रूपात मिळतो आणि छोट्या पट्टीवर लावून बसवता येतो.

जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आणि ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर असलेली सर्वांत जुनी यंत्रं वेगळ्या वर्गात मोडतात. जर्मेनियमला चालू व्हायला ०.२ ते ०.३ व्होल्ट पुरतात, सिलिकॉनला ०.६ च्या पुढे लागतात, म्हणून नुसती अदलाबदल अशक्य. बायसची पूर्ण मांडणी नव्याने करावी लागते. ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर तो गुंडाळून घेणं हाच मार्ग. आपल्याकडे वाइंडिंग करणारे हात अजून आहेत, ही आपली जमेची बाजू. इपॉक्सीत ओतून बंद केलेली मॉड्यूल मात्र उघडायला गेलं की तुटतात. तिथे सर्किट शोधून नवीन बांधावं.

नकली माल हा भारतातल्या कारागिराचा रोजचा शत्रू. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत २एन३०५५ मागितला तर तो मिळतोच, वेगवेगळ्या भावांत. स्वस्तातला डबा पातळ आणि हलका असतो, आत सिलिकॉनची चकती लहान असते. अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने अक्षरं पुसली जातात का ते पाहावं, वजन ताडावं, आणि घाऊक घेतले असतील तर एक कापून आत पाहावं. खात्रीच्या वितरकाकडून बिलासह घेतलेला एमजे१५००३ शेवटी स्वस्तच पडतो.

अमेरिकेहून आणलेल्या अँप्लिफायरसाठी आणखी एक सूचना. तो १२० व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बनलेला आहे. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतो, पण फ्रिक्वेन्सी आपली ५० हर्ट्झचीच राहते, आणि त्यामुळे यंत्रातला ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. व्होल्टेज १२० च्या थोडा खाली ठेवलेला बरा. दोन पिनांची जुनी वायर काढून अर्थिंगसह तीन पिनांची लावणं आणि मेन्सपासून चासीला जोडलेला जुना कंडेन्सर काढून टाकणं, या बाबतीत मूळपणाचा आग्रह मी कधीच मान्य करणार नाही. तिथे वादकाचा जीव पणाला लागलेला असतो. ट्रान्झिस्टरच्या डब्याखालची चकती अभ्रकाची असेल तर बिनधास्त बदलावी. पांढरी चिनी मातीसारखी असेल तर ती बेरिलियम ऑक्साइडची असू शकते. ती घासू किंवा फोडू नये, तिची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

यंत्र पहिल्यांदा सुरू करताना सिरीज लॅम्पमधूनच, म्हणजे विजेच्या वाटेत बल्ब जोडूनच, करावं, आणि स्पीकरऐवजी मोठा रेझिस्टन्स जोडावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर आत अजून शॉर्ट आहे. यासाठी जुना तारेचाच बल्ब हवा, एलईडी चालत नाही. आउटपुटवर डीसी व्होल्टेज शून्याजवळ आल्याशिवाय १८ इंची स्पीकर जोडणं म्हणजे त्याची कॉइल जाळण्याचा धोका पत्करणं आहे.

मग मूळ भाग, पर्याय की नवं मॉड्यूल? खोका रिकामा करून त्यात क्लास-डी मॉड्यूल टाकण्याला माझा विरोध आहे, निदान प्रीअँप आणि पॉवर सर्किट दुरुस्त होण्यासारखं असेपर्यंत. वादकाला उद्याच्या कार्यक्रमाला आवाज हवा असेल तर नवा क्लास-डी हेड वेगळा विकत घ्यावा आणि जुनं यंत्र जसंच्या तसं ठेवावं. पण मूळ नंबरच हवा हा हट्टही मला पटत नाही. पॉवर विभागात जुन्या साठ्यातला पन्नास वर्षं पडून राहिलेला ट्रान्झिस्टर शोधण्यात पैसे घालवण्यापेक्षा नवा भाग आणि त्याला साजेसं सर्किट उत्तम. आवाजाचं वेगळेपण मुख्यतः प्रीअँपच्या टोन सर्किटमध्ये, फझमध्ये, स्पीकरमध्ये आणि खोक्याच्या भोंग्यात आहे. फझमधले ट्रान्झिस्टर मूळचे ठेवण्यासाठी जरूर धडपडावं, कारण तिथे त्यांचा गेन आणि त्यांची मर्यादा हाच आवाज आहे. आउटपुटला ती ओढ लावून घेण्याचं कारण नाही.

या कामात सर्वांत दुर्मीळ गोष्ट आता ट्रान्झिस्टर नसून सर्किटचा नकाशा आहे. मिटलेल्या कंपन्यांचे नकाशे वादक आणि कारागिरांनी जपले म्हणून उरले. भारत सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं धरली. वाद्यांची यंत्रं त्यात नाहीत. ती यावीत, यासाठी संगीतक्षेत्रातल्या संस्थांनी बोलायला हवं. तोवर प्रत्येक दुरुस्तीनंतर बदललेल्या भागांची, किमतींची आणि बायसच्या आकड्यांची चिठ्ठी खोक्याच्या आत चिकटवणं आपल्या हातात आहे. ज्यांच्याकडे अशी यंत्रं नेहमी येतात त्यांनी धातूच्या डब्यातले काही एमजे१५००३, टीओ-३ ची सॉकेटं, अभ्रकाच्या चकत्या आणि मूठभर जेएफईटी आत्ताच घेऊन ठेवावेत. प्लास्टिकच्या आवरणातले भाग स्वस्त पडत असल्याने धातूचा डबा बनवणारे कारखाने कमी होत आहेत, आणि नाहीसं होण्याची पुढची पाळी त्याच डब्याची आहे.